पाचपैकी चार दोर

दोर वळणारा माणूस आयुष्यभर मागे चालतो. कमरेला वाखाच्या तंतूंचा गुंडाळा बांधायचा, त्याचं टोक समोरच्या चाकाच्या आकड्यात अडकवायचं, आणि चाक फिरू लागलं की बोटांतून थोडा थोडा वाख सोडत एकेक पाऊल मागे सरकायचं. तात्याच्या घरामागे यासाठी ऐंशी पावलांची लांबट जागा होती, वर पत्रे, बाजूंनी उघडी. चाकाशी त्याची बायको बसायची. दिवसातून कितीतरी वेळा तो तिच्यापासून ऐंशी पावलं लांब जायचा, पण तोंड तिच्याकडेच असायचं.

"एवढ्या वर्षांच्या संसारात मी हिला कधी पाठ दाखवली नाही," असं तो आल्यागेल्याला सांगायचा.

ती चाक न थांबवता म्हणायची, "हो, आणि जवळही कधी आला नाहीत."

माझ्या विहिरीचा पोहरा बावीस वर्षं तात्याच्या दोराला लटकला. त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायचा मला थोडा हक्क आहे असं मी मानतो. तो उंच होता, किंचित वाकलेला. तळहात असे झाले होते की गरम भांडं तो फडक्याशिवाय उचलायचा. बोलणं कमी, आणि जे बोलेल ते दोराबद्दल. एका गोष्टीचा मात्र त्याला ताठा होता, आणि तो त्याने लपवलाही नाही. त्याचा दोर तुटत नाही.

गिऱ्हाईक दोर न्यायला आलं की तात्या तो दोर तुळईला टांगायचा, खाली वाळूची दोन पोती अडकवायचा आणि म्हणायचा, "बसा. चहा घ्या." चहा संपेपर्यंत पोती लटकत राहायची. मग ती उतरवायची, दोराची वेटोळी करायची आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. एखादा शंकेखोर विचारायचा, "नक्की ना, तात्या? तुटणार नाही ना?"

"नक्की कळायला तोडून बघावा लागेल," तात्या म्हणायचा. "तोडू? मग घरी काय नेशील, दोन तुकडे?"

लोक हसायचे. पण त्या हसण्यात त्याच्या धंद्याचं सगळं शहाणपण होतं. दोर किती भार धरतो ते तुटेपर्यंत ताणल्याशिवाय नक्की कळत नाही, आणि तुटला की तो दोर राहत नाही. म्हणून दोन पोती, एक चहा, आणि बाकीचा विश्वास. तात्याला हे चांगलं माहीत होतं. आयुष्यात एकदाच तो ते विसरला, आणि विसरला तोही मायेपोटी.

त्याचा एक दोस्त होता. विहिरींतला गाळ काढणं हा त्याचा धंदा. सगळे त्याला पाणकोंबडा म्हणत, आणि या नावाने हाक मारली की तोही खुशाल ओ द्यायचा. अंगाने गोल, आवाजाने मोठा. विहिरीत उतरला की खालून त्याच्या गप्पा वर यायच्या, आणि वरच्या माणसाला वाटायचं, विहीरच बोलतेय. कामात मात्र तो भारी काटेकोर. विहिरीच्या काठावर जिथे दोर दगडाला घासतो तिथे गोणपाटाची चौपदरी घडी ठेवायची असते, नाहीतर दगड दोराला करवतीसारखा कापतो. ती घडी तो दुसऱ्या कुणाला ठेवू द्यायचा नाही. स्वतः ठेवायचा, हाताने दाबायचा, मगच पाय खाली सोडायचा.

एका उन्हाळ्याच्या तोंडाला तो तात्याकडे आला.

"तात्या, नवा दोर वळ. जुन्यावर आता मांजर उतरायला तयार नाही."

"किती हात?"

"साठ. आणि जाड वळ रे, माझं वजन वाढलंय. बायको म्हणते, मी विहिरीत उतरलो की पाणी आपोआप वर येतं, पोहरा लागत नाही."

तात्या क्वचित हसायचा, त्या दिवशी हसला. त्याने निवडून लांब वाख घेतला, तीन पेड वळले, त्यांना उलटा पीळ देऊन दोर केला. टांगायची वेळ आली तेव्हा त्याला वाटलं, हा काही पोहऱ्याचा दोर नाही, याला माझा माणूस लटकणार. त्याने दोन पोत्यांऐवजी चार लावली. आणि चहापुरतीही नाहीत, तर दोन दिवस लटकत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमधून एक बारीक आवाज आला. तट. नख मोडल्यासारखा.

"काय वाजलं हो?" बायकोने विचारलं.

"पीळ बसतोय," तात्या म्हणाला.

पोती उतरवली तेव्हा दोर हातभर वाढला होता. तात्याला ते आवडलं. ताणायचं तेवढं ताणून झालं, आता हा हलणार नाही, असं त्याला वाटलं. दोस्ताला दोर देताना तो म्हणाला, "हा तू मेल्यावरही टिकेल."

पंधराव्या दिवशी एका भाजीमळ्याच्या विहिरीत पाणकोंबडा वर येत असताना दोर काठावर तुटला. खाली गाळ कमी आणि दगड जास्त होते. माणसं उतरेपर्यंत सगळं संपलं होतं. रहाटावर मळेवाला होता. त्याने सांगितलं, त्याचं लक्ष रहाटाकडे होतं, काठाकडे नव्हतं. गोणपाटाची घडी काठापासून दोन हात बाजूला पडलेली सापडली.

त्या घडीने पुढची तीन वर्षं खाल्ली. घडी नीट ठेवली नव्हती म्हणून दोर दगडावर कापला गेला, की दोरच कमजोर होता म्हणून तुटला आणि झटक्याने घडी उडाली? पोलिसांनी दोराची तुटकी टोकं नेली. तपासणाऱ्या माणसाने लिहून दिलं की काही तंतू कापल्यासारखे आहेत, काही ओढून तुटल्यासारखे, दोन्ही शक्य आहे.

निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याचा खटला तात्यावर फौजदारी कोर्टात उभा राहिला. त्याच्या वकीलबाई तरुण होत्या, हुशार होत्या, बोलताना चष्मा कपाळावर सरकवायच्या. त्यांनी विचारलं, "दोर चांगला होता हे तुम्ही ठामपणे सांगता?"

"ठामपणे," तात्या पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला. "दुसऱ्यांना दोन पोती लावतो. याला चार लावली. दोन दिवस."

कोर्टात कुजबुज झाली. एवढी काळजी घेणारा माणूस निष्काळजी कसा? संशयाचा फायदा देऊन त्याला निर्दोष सोडलं. बाहेर व्हरांड्यात लोक त्याचा हात हातात घेऊन हलवत होते. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "म्हणजे चूक पाणकोंबड्याचीच. घडी ठेवायला विसरला, दुसरं काय!"

पाणकोंबड्याची बायको तिथेच खांबाशी उभी होती. तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि जिना उतरून गेली.

तिने दिवाणी दावा लावला. कागदावर मागणी भरपाईची होती. पण तिने तात्याच्या बायकोला नळावर जे सांगितलं तेच खरं कारण होतं, असं मला वाटतं. "वहिनी, माझा माणूस गेला तो गेला. पण आता रस्त्यावरचा शेंबडा पोरगाही म्हणतो की तो बेफिकीर होता. जो माणूस घरात शिरताना पायपुसणं सरळ केल्याशिवाय पाऊल टाकत नव्हता, तो बेफिकीर?"

दाव्याची नोटीस आली तेव्हा तात्या खवळला. तसाच वकीलबाईंच्या कार्यालयात गेला. एका दुकानावरची ती खोली, फायलींची चळत, खिडकीत सुकलेली कुंडी.

"एकदा निकाल लागला ना? एकाच गोष्टीसाठी माणसाला किती वेळा धुवायचं? मी काय चादर आहे?"

"तात्या, बसा. ते कोर्ट वेगळं, हे वेगळं. तिथे तुम्हाला तुरुंगात टाकायचं की नाही हा प्रश्न होता. त्यामुळे सरकारला असं सिद्ध करावं लागतं की वाजवी शंकेला जागाच उरू नये. ती उरली, तुम्ही सुटलात."

"सुटलो म्हणजे माझी चूक नव्हती."

"नाही. सुटलात म्हणजे चूक तेवढी सिद्ध झाली नाही." त्यांनी चष्मा वर सरकवला. "दिवाणीत तुरुंग नाही. दोन घरं आहेत, आणि त्यांतल्या एकाला नुकसान सोसावंच लागणार. म्हणून तिथे शंका उरली का असं विचारत नाहीत. कोणती गोष्ट घडली असण्याचा संभव जास्त, एवढंच बघतात."

"आणि दोन्हींचा संभव सारखाच असला तर?"

"तर दावा पडतो. जो दावा आणतो त्याने पारडं आपल्या बाजूला झुकवायचं असतं."

"किती?"

"थोडंसं. एका धाग्याइतकं पुरे."

तात्या खाली मान घालून आपले तळहात बघत राहिला. शंभर हिश्शांतल्या एका हिश्शाच्या शंकेवर माणूस सुटतो, आणि एकावन्न हिश्शांवर हरतो, हे त्याला अपमानाचं वाटत होतं. त्याचा दोरसुद्धा कुणी असा मोजत नव्हतं.

"आत्ता पारडी सारखीच आहेत," वकीलबाई म्हणाल्या. "तुमची चार पोती हाच आपला खांब. एक करा. तसाच दोर वळा, चार पोती दोन दिवस लावा, मग तो किती धरतो ते मोजू आणि कोर्टाला दाखवू."

तात्या खूश झाला. हे त्याच्या भाषेतलं होतं. त्याच वाखाचा एक भारा माळ्यावर उरला होता. त्याने दोर वळला, चार पोती दोन दिवस टांगली, आणि तिसऱ्या दिवशी एकेक पोतं वाढवायला लागला. सहाव्या पोत्याला दोर तुटला.

चांगला दोर नऊ पोती धरतो हे तात्याला वडिलांकडून माहीत होतं. त्याला वाटलं, वाख जुना झाला असेल. म्हणून त्याच भाऱ्यातून दुसरा दोर वळला, आणि त्याला आधी भार लावलाच नाही. तो नऊ पोती पेलून उभा राहिला, दहाव्याला तुटला.

बायको चाकाशी बसून बघत होती. "सुटलात ना एकदा? मग आता घरात बसून दोर कशाला तोडताय? खातोय का तो दोर तुम्हाला?"

"चाक फिरव," तात्या म्हणाला.

बारा दिवस त्याने दुसरं काही केलं नाही. पहिली जोडी धरून पाच जोड्या केल्या. जोडीतल्या एका दोराला आधी चार पोती दोन दिवस, दुसऱ्याला काहीच नाही, आणि मग दोन्ही तुटेपर्यंत भार. चार जोड्यांत दोन दिवस लटकलेला दोर आधी तुटला. एका जोडीत उलटं झालं, न ताणलेला आधी तुटला. आधी ताणलेल्या दोरांचे पेड उकलून त्याने आत बोट घातलं. बाहेरून सगळं जिथल्या तिथे होतं. मधले तंतू मात्र भुसा झाले होते.

बायको त्याच्या शेजारी येऊन बसली. "त्या सकाळी वाजलं होतं," ती हळूच म्हणाली.

"माहीत आहे."

"कुणाला सांगायची गरज नाही हो. सांगून तो परत येणार आहे का?"

"तो नाही येणार," तात्या म्हणाला.

वकीलबाईंना त्याने जोड्यांचं सगळं सांगितलं. आवाजाचं तेवढं नाही. त्यांनी पेनला टोपण घातलं. मग म्हणाल्या, "खोटं बोला असं मी कधीच सांगणार नाही. पण हे समोरच्या वकिलाला माहीत नाही, आणि न विचारलेलं सांगायला तुम्ही बांधलेले नाही. तुम्ही गप्प राहिलात तर पारडी सारखी राहतात. सारखी राहिली तर आपण जिंकतो."

"आणि पाणकोंबडा?"

"म्हणजे?"

"आपण जिंकलो तर तो विसरला असं होतं ना? घडी ठेवायला?"

"कोर्ट असं म्हणणार नाही."

"कोर्ट नाही म्हणणार. लोक म्हणतील," तात्या म्हणाला आणि उठला.

दिवाणी कोर्टाची खोली लहान होती. पंखा एका बाजूला कलून फिरायचा. न्यायाधीश साक्षीदाराचं उत्तर हळू आवाजात पुन्हा सांगायचे आणि टंकलेखक ते टाइप करायचा, त्यामुळे प्रत्येक शब्द दोनदा ऐकू यायचा. कागदांवर पाणकोंबड्याचं नाव मयत असं झालं होतं आणि तात्याचं प्रतिवादी. मयताची बायको मागच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिची साक्ष आधीच झाली होती. तिने पायपुसण्याचं सांगितलं होतं, आणि तीस वर्षांत त्याने एकदाही ती घडी दुसऱ्याला ठेवू दिली नाही हेही.

तिचे वकील म्हातारे होते, सर्दीने बेजार. नाक पुसत त्यांनी विचारलं, "तुमच्या दोरात दोष नव्हता, असं तुम्ही आजही ठामपणे सांगता?"

विचारायचं म्हणून विचारलेला प्रश्न होता. उत्तर त्यांना माहीत होतं, दोन वर्षांपूर्वीच्या कागदात होतं. तेच पुन्हा द्यायचं, आणि घरी जायचं.

तात्याने कठड्यावर दोन्ही हात ठेवले.

"नाही," तो म्हणाला. "ठामपणे नाही सांगत."

टंकलेखकाची बोटं थांबली. म्हाताऱ्या वकिलांचा रुमाल नाकाशीच राहिला. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

मग तात्याने सांगितलं. चार पोती, दोन दिवस, माळ्यावरचा भारा, पाच जोड्या. न बोलणारा माणूस, पण त्या दिवशी ऐंशी पावलं न थांबता गेला. "दोन पोत्यांनी दोराची परीक्षा होते, साहेब. चारांनी त्याचं आतडं तुटतं. बाहेरून दिसत नाही. मला वाटलं मी काळजी घेतोय."

"पाचही वेळा ताणलेला दोर आधी तुटला?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही. चार वेळा. एकदा दुसरा तुटला."

"म्हणजे तुमची खात्री नाही."

"खात्री कशी असेल? त्याच्या दोराचे तर आधीच दोन तुकडे झालेत. पण माझ्या हाताला विचाराल तर हात म्हणतो, दोरच."

न्यायाधीशांनी टंकलेखकाला हाताने थांबवलं. "हात काय म्हणतो ते मला लिहिता येत नाही," ते म्हणाले. आवाज कठोर नव्हता. "पाचपैकी चार, एवढं लिहितो."

दीड महिन्याने निकाल लागला. न्यायाधीशांनी वाचला तो भाग मला अजून आठवतो, कारण मी तिथे होतो. त्या विहिरीच्या काठावर काय घडलं हे कुणीच पाहिलेलं नाही आणि पूर्ण खात्री कुणालाच होणार नाही. पण जो माणूस तीस वर्षं स्वतः घडी ठेवत आला, त्याने त्या दिवशीही ती ठेवली असण्याचा संभव अधिक आहे. आणि जो दोर प्रमाणाबाहेर ताणला गेला, तो त्यामुळे तुटला असण्याचा संभव अधिक आहे. दावा मंजूर.

भरपाई कशी दिली ते त्या दोन घरांचं आहे, मी सांगत नाही.

बाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर ती थांबली होती. तात्या तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. दोघांच्या मध्ये येणारेजाणारे लोक चालत होते.

"भावजी," ती म्हणाली, "हे पहिल्या कोर्टात का नाही बोललात?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं, वहिनी."

"खरं?"

तात्याने हो म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. आपलं खरं बोलून झालं आहे असं त्याला वाटलं होतं. अजून एक धागा आत राहिला होता.

"दोर टांगला होता तेव्हा आवाज झाला होता," तो म्हणाला. "तट असा. मी ऐकला. पीळ बसतोय असं हिला सांगितलं, आणि स्वतःलाही तेच सांगितलं. खरंच तसं वाटलं, की तसं वाटून घ्यायचं होतं, ते आता मला ठरवता येत नाही. कोर्टात सांगायला जीभ उचलली नाही."

तिने शिवी दिली असती तर त्याने मान खाली घातली असती, रडली असती तर तोही रडला असता. ती यातलं काही करत नव्हती. शेवटी ती म्हणाली, "त्यांनी घडी ठेवली होती, भावजी."

"ठेवली होती," तात्या म्हणाला.

कोर्टाने म्हटलं होतं, संभव अधिक. तात्याने तेवढा शब्द गाळला.

त्यानंतर दोन वर्षं त्याच्याकडे गिऱ्हाईक फारसं फिरकलं नाही. जनावरांची दावी, गाठोड्यांच्या दोऱ्या, असं किरकोळ काम चालायचं. चाक फिरत राहिलं, तो मागे चालत राहिला. जास्तीची पोती त्याने शेडमधून कायमची काढून टाकली, दोनच ठेवली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं लोक त्याला चिडवायचे, कारण बोलणं अजून तसंच ताठ होतं. पण "माझा दोर तुटत नाही" हे वाक्य पुन्हा त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात पाणकोंबड्याची बायको त्याच्या दारात आली. घरच्या विहिरीला दोर हवा होता. तात्याच्या बायकोने चाक थांबवलं. तात्याने तुळईला दोर टांगला, दोन पोती लावली, आणि नेहमीचं "बसा, चहा घ्या" त्याच्या बायकोने म्हटलं. पाणकोंबड्याची बायको बसली. चहा घेतला, सावकाश.

पोती उतरल्यावर तिने दोर दोन्ही हातांनी ओढून बघितला, नवरा ओढायचा तसा, कोपर पोटाशी धरून.

"किती धरेल?"

"पोहऱ्याचं पाणी आरामात धरेल. माणूस सोडू नका."

"तुटणार नाही ना?"

तात्याने तिच्याकडे सरळ बघितलं. "बहुतेक नाही, वहिनी," तो म्हणाला. "यापुढचं मला माहीत नाही."

तिने दोराची वेटोळी खांद्यावर घेतली आणि गेली.